दोरीवरचे तीन शर्ट

मंगळवार, दिवेलागण

आज दौलताबादकडं उंडारायला निघालो होतो, गेलो दवाखान्यात. ताईच्या नवऱ्याच्या, दाजींच्या कपाळाला सात टाके पडलेत.

चिकलठाण्याच्या पोलीस चौकीत दाजी एकटेच शिपाई. एकाची बदली झाली, दुसरा नोकरी सोडून कारखान्यात लागला, तिसरा कायम विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तावर. म्हणून दाजी रोज सकाळी दोरीवर तीन खाकी शर्ट टाकायचे, कोरडेच. बघणाऱ्याला वाटावं, आत माणसं आहेत.

मला हे लई भारी वाटायचं. रविवारी चहाच्या टपरीवर हसत हसत सांगून टाकलं. दाजींनी ज्यांची पिंपं फोडली ते हातभट्टीवाले बाजूलाच बसलेत, हे कुठं बघितलं मी? काल तिघं सरळ चौकीत शिरले अन् दाजींना मारून गेले. कोरडे शर्ट! काय गरज होती सांगायची?

दाजी म्हणाले, "होमगार्डच्या सलीमनंच फोडलं असणार. त्यालाच ठाऊक होतं. उद्या साहेबांना सांगून काढतोच त्याला."

सलीम बिचारा खाली औषधं आणायला गेलेला.

मी दारापर्यंत गेलो. वाटलं, नेहमीसारखा पळ काढावा, जालन्याची गाडी धरावी. मग माघारी आलो अन् म्हणालो, "दाजी, टपरीवर मी बोललो."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. "काय चाललंय दोघांचं?"

"काय नाय," दाजी म्हणाले. "तुझा भाऊ म्हणतोय, उद्यापासून चौकीत माझ्यासोबत राहतो."

मी कुठं म्हणालो होतो? पण मान हलवली.