पुठ्ठ्याची पट्टी

रविवार, दिवेलागणीला

धाकट्या भावाला, निलेशला, आत्ताच धुळ्याच्या बसमध्ये बसवून आले. आज त्याने बंदुकांचा नवा गेम आणला, आणि त्यात पडद्याचे दोन भाग होतच नाहीत. एका टीव्हीवर एकानेच खेळायचं. दुसऱ्याने काय, चहा करायचा?

मी केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नवी पट्टी तयार ठेवली होती. ती पडद्याच्या मधोमध उभी चिकटवावी लागते, नाहीतर हा माझ्या भागात डोकावून मी कुठे लपले ते बघतो. लहानपणापासूनची खोड.

"अक्का, आते बठ्ठं ऑनलाइनच शे, सगळंच," म्हणाला. "मी धुळ्याला गेमचं दुसरं मशीन घेतो. तू इथून, मी तिथून. रोज खेळू."

कंपनीला एकाच्या जागी दोन मशीन विकायची आहेत, एवढं कळतं मला. पण हा का एवढा खुश? रोज खेळू म्हणजे रविवारी यायला नको, असंच ना? की मीच उगाच संशय घेतेय?

पट्टी कपाटावर टाकताना आठवलं. दर रविवारी तो स्वतःचा कंट्रोलर टॉवेलात गुंडाळून आणतो. आज पिशवीतून फक्त गेमची डबी निघाली. म्हणजे आज दोघांनी खेळायचं नाही, हे घरून निघतानाच त्याला माहीत होतं.