डोली रिकामी यायची नाही

॥ श्री ॥
बालाजी घाट, काशी
आश्विन वद्य पंचमी

चि. मुक्ता हीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,

फोनवर तू बोलतेस ते मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं पटत नाही, म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकलेय, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस.

तुझा कॉलेजातला मित्र मुकुल येऊन गेला. एक्क्यांच्या जुन्या तबेल्यात त्यानं म्युझियम काढलंय. काशीत माणसं कशाकशात बसून फिरली, ते सगळं तिथे मांडलंय म्हणे. घोड्याचा एक्का आहे, होडी आहे, सायकलरिक्षा आहे. आता त्याला आपली डोली हवी. मुलगा बरा आहे, पण डोलीभोवती असा फिरत होता, जसा मुलगी बघायला आलाय.

मी नाही म्हटलं. म्युझियमात मेलेल्या वस्तू ठेवतात, आपली डोली अजून कामाची आहे. या गलीत ती बॅटरीची टोटो रिक्षासुद्धा शिरत नाही, अँब्युलन्स मैदागिनच्या चौकातच उभी राहते. समोरच्या प्रभावतीचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिला डोलीतूनच नेलं. अजून दर महिन्याला डॉक्टरकडे तशीच जाते. पुढे श्रीराम मल्लाह, मागे त्याचा भाऊ, आणि मधे बसून ही त्या दोघांना चालायला शिकवते.

शिवाय डोलीचा नेम त्या मुलाला कोण सांगणार? माझे सासरे ढुंढिराजपंत, तुझे पणजोबा, त्यांनी ही डोली करून घेतली ती देशावरून कार्तिकस्नानाला येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या त्यांना उतरवत नसत. तेव्हापासूनचा नेम, की डोली गलीत रिकामी परत यायची नाही. रिकामी आली म्हणजे बसून गेलेलं माणूस घाटावरच राहिलं, वारलं, असं धरतात. म्हणून येताना कुणाला तरी बसवायचं. कुणी नसलं तर पोर, पोर नसलं तर भाजी.

मी या घरात आले तीसुद्धा अशीच. मैदागिनला एका म्हातारीला सोडून डोली परत यायची होती, आणि आम्ही वऱ्हाडी तिथेच एक्क्यातून उतरलो. मामंजी म्हणाले, सूनबाई बसतील. म्हणजे मला मानानं नाही आणली, डोली रिकामी नको म्हणून आणली. वर प्रभावती खिडकीतून सगळ्या गलीला ऐकू जाईल असं म्हणाली, की डोली उचलणाऱ्या कहारांना घाम आलेला नाही, म्हणजे नवरीच्या अंगावर सोनं नाही. त्या दिवसानंतर मी डोलीत बसले नाही. मला माझे पाय आहेत.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रानं वाढत नाही, आलीस तर वाढेल.

तुझी आजी,
इरावती

*

पुणे, २९ ऑक्टोबर

ती. आजीस मुक्ताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.,

तुझं पत्र माझ्या वर्गात नेऊन मुलांना वाचून दाखवलं. ऱ्हस्वदीर्घ काढले नाहीत.

आजी, मुकुलनं डोलीचे फोटो पाठवले. मागच्या पायाला वाळवी लागली आहे. दर पुरात ओसरीला ओल येते आणि तू दर वेळी डोलीखाली दोन विटा सरकवून मोकळी होतेस. असंच चाललं तर काही वर्षांत ती चुलीत जाईल. तिथे तिची दुरुस्ती होईल, औषध लावतील. आणि ते म्युझियम तुला वाटतं तसं मढ्यांचं नाही. रविवारी जुने एक्केवाले, होडी वल्हवणारे मल्लाह तिथे येऊन बसतात, शाळेची मुलं त्यांच्याभोवती जमतात.

मला आठवतं, मांडीवर फ्लॉवर घेऊन मी डोलीतून यायचे आणि तू पुढे चालत ओरडायचीस, की पोर आणि गोभी दोन्ही सांभाळून आणा. इथे हे सांगितलं तर लोकांना मी गोष्ट रचतेय असं वाटतं. डोली गेली तर उद्या मलाही तसंच वाटेल.

प्रभावतीआजींसाठी मुकुल चाकांचं स्ट्रेचर देणार आहे. त्यांचं अडणार नाही, हा माझा शब्द.

रागाव, पण विचार कर. लोभ असू दे, तोंडसुख घेतलंस तरी.

तुझी,
मुक्ता

*

॥ श्री ॥
बालाजी घाट, काशी
कार्तिक वद्य द्वितीया

चि. मुक्तास आशीर्वाद. वि. वि.,

वाळवीचं म्हणालीस ते खरं निघालं, म्हणून दिली डोली. मागोमाग बघायलाही गेले. खोटं कशाला बोलू, तबेल्यात पाय टाकला आणि एक्क्याच्या जुन्या चामड्याचा वास आला, तशी मी उभीच राहिले. माहेराहून आले त्या दिवशीचा वास. घोड्याच्या गळ्यातले घुंगरू भिंतीवर टांगलेत. एका म्हाताऱ्या एक्केवाल्यानं ते वाजवून दाखवले, तर समोरची पोरं पुढे सरकली. मला म्हणाला, बहनजी, कुठे सोडू? मी म्हटलं, आता सोडायला कुणी राहिलं नाही. मग आम्ही दोघं बसून चहा प्यायलो. गेलेल्या माणसांची उजळणी झाली. पुष्कळ माणसं गेली गं.

डोली मात्र चौथऱ्यावर. चारी बाजूंनी दोरी, हात लावू नका अशी पाटी. पाय नवा बसवलाय, सुतळी नवी विणलीय, आणि बसायला बंदी.

आता तुझ्या शब्दाचं ऐक. स्ट्रेचर आलं. विहिरीपाशी गली वळते तिथे ते अडकलं, पुढे जाईना, मागे येईना. प्रभावती त्यावर आडवी, आणि कठड्यावरून एक माकड तिच्याकडे बघतंय. मग प्लास्टिकच्या खुर्चीतून तिला घरी आणली, तर दारात खुर्चीचा पाय मोडला. हाड वाचलं, धीर गेला. डॉक्टरकडे जायला नाहीच म्हणते. मला म्हणाली, इरावती, डोली गलीतून गेली आणि परत आली नाही, याचा अर्थ तुलाही कळतो.

अशा गोष्टीवर माझा फारसा विश्वास नाही. पण तिचा आहे, आणि ती नीट जेवत नाही. माझ्याशी भांडतसुद्धा नाही. मी मुद्दाम तिच्या कढीला नावं ठेवली, तर हो म्हणाली.

मुकुलला विचारलं, तो म्हणाला कमिटीला विचारतो. तू दिलेला शब्द आहे, तू निस्तर. बाकी क्षेम. माया कमी केलेली नाही, थोडी अडवून ठेवलीय.

आजी

*

पुणे, २५ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. नमस्कार. वि. वि.,

माझं चुकलं. स्ट्रेचर सांगताना विहिरीचं वळण माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि त्याच वळणावर मी लहानपणी शंभरदा कोपर खरचटून घेतलंय.

मुकुलशी दोन दिवस वाद घातला. मी त्याला एवढंच विचारलं, की काशीत माणसं कशी फिरली हे दाखवायला एका म्हातारीचं फिरणं बंद करायचं का. दुसऱ्या दिवशी त्यानं कमिटीकडून होकार आणला. डोली म्युझियमची राहील, डागडुजी तिथेच होईल, पण गलीनं निरोप पाठवला की ती निघेल. पुढच्या शुक्रवारी प्रभावतीआजींसाठी घेऊन येतोय.

फक्त एक अडचण. त्या दिवशी मैदागिनहून ती रिकामी येणार. कुणाला बसवायचं ते तुझं तू ठरव. मला एक नाव सुचतंय, पण लिहायची हिंमत नाही.

अडवलेली माया आता सोड.

मुक्ता

*

॥ श्री ॥
बालाजी घाट, काशी
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद. वि. वि.,

तुझं ते न लिहिलेलं नाव मला चांगलं वाचता आलं.

मी मैदागिनला गेले ती गोभी घेऊन. दोन गड्डे, चांगले मोठे. मुकुलनं टोटोवरून डोली उतरवली. मी गोभी आत ठेवली आणि म्हटलं, चला. श्रीराम उचलेचना. म्हणाला, अम्मा, सकाळी गेली आणि संध्याकाळी आली तर गोभी चालते. ही इतके दिवस बाहेर राहून येतेय, आणि खिडकीत बसून जी वाट बघतेय, तिला गोभी बघून काय वाटेल?

त्याच्याशी भांडले असते, पण तो खरं बोलत होता. बसले. गोभी मांडीवर.

बाई गं, सुतळीचा झोका तसाच आहे. विहिरीपाशी डोली तशीच तिरकी होते आणि हात आपोआप बांबूला जातो. नवरी म्हणून आले त्या वेळी मी पदर तोंडावर ओढला होता, डोळ्यांत पाणी होतं म्हणून. या वेळी ओढला तो लोकांनी बघू नये म्हणून. पण बनारसमध्ये बघू नका म्हटलं की चार जण जास्त येतात. मागचा बांबू मुकुलच्या खांद्यावर होता, श्रीरामचा भाऊ आजारी म्हणून. त्या मुलाची पार दमछाक झाली, पण त्यानं खांदा बदलला नाही.

प्रभावतीच्या खिडकीखाली आलो. ती गजांना धरून उभी होती. किती दिवसांनी उभी राहिली असेल. तिनं श्रीरामकडे बघितलं, मुकुलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्या गलीला ऐकू जाईल असं म्हणाली, की आज कहारांना घाम आलाय, नवरीनं अखेर सोनं केलं वाटतं.

मी वर बघून सांगितलं, की उद्या तुझी पाळी आहे, जास्त जेवू नकोस.

जेवली. गोभीची भाजी केली होती, मीठ कमी आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली आणि त्याच डोलीतून परत आली, श्रीरामला शिकवत शिकवत. आता डोली पुन्हा तबेल्यात गेली. मुकुल सांगत होता, ती इकडे होती तेवढे दिवस चौथऱ्यावर त्यानं नवी पाटी ठेवली होती, की डोली कामाला गेली आहे. शाळेची मुलं म्हणे रिकाम्या चौथऱ्यासमोरच जास्त वेळ उभी राहिली.

सुट्टीला येशील तेव्हा आधी कळव. मैदागिनला डोली पाठवते. पाय धडधाकट आहेत तुझे, तेव्हा चालत ये, फक्त भाजी आत ठेव. माया सोडली आहे, उचलून ने.

आजी