मंकस्लोच्या फरशीवरचा पंजा

मी, थर्झा पारडो, वय सत्तावीस, अविवाहित, फरशांच्या कारखान्यात नक्षी रेखाटणारी, राहणार मंकस्लो, परगणा वुस्टरशर, हे स्वतःच्या हाताने लिहिते. गुरुवारी इस्पितळात माझ्यावर शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत आहे, कोणाचा आग्रह नाही, आणि याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतली शिल्लक व कपडे धाकटी बहीण केझाया हिला. निळा कोट तिने उसवून लहान करू नये. पुढच्या हिवाळ्यात तो तिला बरोबर होईल.

२. कंपास, पट्ट्या व रंगांची पेटी कारखान्यात माझ्या जागी येणाऱ्या मुलीला. विटकरी रंग वाळल्यावर फिका पडतो. एक छटा गडद लावावा.

३. खोडरबर चर्चची दुरुस्ती करणारे वास्तुविशारद श्री. हारबॉटल यांस. कारण पुढे आहे.

४. आमच्या चर्चमधली सहाशे वर्षांची फरशी उखडण्याआधी तिची झिजलेली नक्षी जलरंगात पूर्ण करून काढायचे काम माझ्याकडे आले. चर्चची झाडलोट करणारे जोब टँडी एकेक फरशी ओली करून देत, कारण पुसट रेषा पाण्याखालीच दिसतात. नक्षीतल्या एका सिंहाच्या पाठीवर कुत्र्याचा पंजा उमटला होता. फरशीची माती ओली असताना कोणाचा तरी कुत्रा त्यावरून गेला असणार. श्री. हारबॉटल म्हणाले, "नक्षी काढा बाई, घाण नको." कारखान्याचा नियमही तोच: तडे, डाग वगळायचे. मी पंजा खोडला. चित्राची सर्वांनी वाहवा केली. जोबकाका बराच वेळ वाकून पाहत होते.

"कुत्रा कुठे गेला गं, पोरी?"

"तो नक्षीत नव्हता, काका."

"नव्हता कसा? पाच वर्षांचा असल्यापासून प्रवचनभर माझी बोटं त्यातच असायची. पाद्र्यापेक्षा त्याचीच ओळख जास्त."

तोवर फरशी गाड्यांत भरून रस्त्याच्या भरावाला गेली होती.

ते चित्र कारखान्याचे आहे. माझ्याजवळच्या पेन्सिलीच्या मूळ प्रतीवर मी पंजा मापाने परत काढला आहे: रुंदी पावणेदोन इंच, बोटे चार. ही प्रत चर्चला. पंजा वगळून तिची नक्कल कोणी करू नये.

~~५. नऊ रविवार भराव उकरून मला ती पंजाची फरशी मिळाली. एक कोपरा नाही. दोन वर्षे ती माझ्या कपड्यांच्या पेटीत आहे. देताना काही बोलावे लागले असते, ते मला जमत नाही. माझ्यामागे ती जोब टँडी यांस द्यावी.~~

कलम ५ सहीपूर्वी मीच खोडले आहे. कारण असे. ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून आज साक्षीला आलेल्या जोबकाकांना मी सही नको म्हटले.

ते म्हणाले, "म्हणजे काहीतरी देणार आहेस. मेल्यावर कशाला? तेव्हा मी भांडू कोणाशी?"

मी पेटी उघडली. त्यांनी फरशीकडे पाहिलेही नाही; बोटे आपोआप जागेवर गेली. मला काही बोलावे लागले नाही.

आता त्यांना या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही. ते सही करू शकतात.

मंकस्लो, ९ मार्च १८८६
थर्झा पारडो

दोघांसमक्ष सही केली, साक्षीदार:
युनिस हॅडली, घरमालकीण
जोब टँडी, यांची निशाणी: एक मोठा ठिपका, त्याच्या वरच्या बाजूला चार लहान. (सहीऐवजी फुली काढायला सांगितले होते. थ. पा.)