बॉडीच्या जागी पोतं

नगर, २१ मार्च १९७१

तीर्थस्वरूप दादा,

सहादेवचा नमस्कार. बोर्डिंगात मी ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं.

आण्णांचं तेरावं उरकून परत आलो तेव्हा फिजिक्सचा बराच भाग शिकवून झाला होता. म्हणून खोलीतला कानिफनाथ आणि मी रोज पहाटे उदाहरणं सोडवतो. पुस्तक सगळं इंग्रजीत, आणि जिथे तिथे वस्तूला ‘बॉडी’. बॉडी उतारावरून घसरते, बॉडी उंचावरून पडते. दवाखान्यातला माणूस आपल्याला ‘बॉडी ताब्यात घ्या’ म्हणाला होता, तेच ऐकू यायचं आणि हात थांबायचा. यंदा परीक्षेला बसायचं नाही, असं मनात ठरवलंही होतं. एवढं आईला वाचून दाखवू नका.

शेवटी कानिफनाथला सांगितलं. तो म्हणाला, “बॉडी खोड अन् पोतं लिही. ज्वारीचं पोतं घसरलं तर मालक रडंल, तुला काय त्याचं?” मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आता तो मोठ्यानं वाचतो, “पन्नास किलोचं पोतं उतारावर हाय,” आणि मी सोडवतो. काल सहापैकी पाच बरोबर आली. त्याला कप्पीची उदाहरणं जमत नाहीत, ती मी समजावतो.

आई जेवते ना? पिकाला पाणी तुम्ही एकटेच धरत असाल.

गुरुवारी पेपर आहे. त्यात पोतं नसेल, बॉडीच असेल. मी बसतो आहे.

तुमचा धाकटा
सहादेव