मागचं चाक आणि हर्षदभाई

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी सायकलची पूजा. आधी धुतली, मग एकेक नट सोडवून शिलाई मशीनचं तेल दिलं. मागचं चाक फ्रेमला जिथे आवळतात तिथे जरा जास्तच. हळद-कुंकू, झेंडूचा हार. बिल्डिंगमधले लोक गाड्यांना नुसता हार घालतात. आळशी.
संध्याकाळी सगळे सोनं द्यायला घरी. माझी धाकटी जाऊ शकु मुलुंडहून आली, आपट्याची पानं हातात ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, वैनी, ह्या वयात सायकल कित्याक गो? मी तिथल्या तिथे सांगितलं, बारा तारखेच्या रविवारी तुझ्याकडे जेवायला सायकलनेच येते. नाही आले तर सायकल वॉचमन दशरथला देऊन टाकीन. मिहिरने, म्हणजे माझ्याच मुलाने, लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. टाकू दे. घाटकोपर ते मुलुंड म्हणजे काय काश्मीर नाही.

३ ऑक्टोबर
गेटबाहेरच्या चढावर जोर दिला आणि मागचं चाक फ्रेममध्ये तिरकं झालं. टायर घासून जागच्या जागी अडकला. परवापर्यंत ठीक होतं. म्हणजे कोणीतरी नट ढिले केले.
कोणी, ते लिहायला नको. तळमजल्यावरच्या हर्षदभाईची स्कूटर शेजारी लागते. माझ्या हँडलने तिला ओरखडा गेला, असं तो मे महिन्यापासून सांगत फिरतोय.
पान्याने नट आवळले. गंजू नयेत म्हणून वर थोडं तेल.

५ ऑक्टोबर
त्याच चढावर पुन्हा तिरकं. हर्षदभाईला जिन्यात गाठलं. म्हणे, सुगंधाबेन, तुमच्या सायकलला हात लावून मी माझे हात कशाला काळे करू, सगळीकडून तेल गळतंय.
तेल गळतंय हे याला जवळ गेल्याशिवाय कसं कळलं? सापडला.

७ ऑक्टोबर
सेक्रेटरींकडे लेखी तक्रार. त्यांनी पुरावा मागितला. मी म्हटलं, चाक हाच पुरावा. ते म्हणाले, काकू, चाक मीटिंगला आणणार का? उद्धट माणूस. पुढच्या निवडणुकीत मत नाही.
नट आवळले. तेल.

८ ऑक्टोबर
सायकल वर घरात आणली. लिफ्टमध्ये मावत नाही. जयवंतने मागून धरली आणि तीन मजले कुरकुर केली. नवऱ्याला एवढंही जमू नये?
हॉलमध्ये सोफ्याला टेकवून ठेवली, दाराला आतून कडी. आता ये म्हणावं, हर्षदभाई.

९ ऑक्टोबर
खाली नेली. चढावर चाक तिरकं.
रात्रभर सायकल घरात होती, म्हणजे त्या माणसाने आधीच काहीतरी कायमचं बिघडवून ठेवलंय. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो हुशार आहे.
जयवंत म्हणाला, अगं, जिथे पकड पाहिजे तिथेच तू तेल ओततेस. पुसून तर बघ एकदा. जयवंत बी.कॉम. मी बी.एस्सी., फिजिक्स. त्याला सांगितलं, घर्षण हा माझा विषय आहे, तू टीडीएस बघ. तर म्हणतो, मग माझ्या चपलांच्या तळव्यांनाही लाव थोडं, चालायला हलकं पडेल.
त्याच्याशी बोलणं बंद.

११ ऑक्टोबर
कंपाउंडमध्ये सपाटीवर हळूहळू फेऱ्या मारल्या. चाक जागचं हललं नाही. दुरुस्ती पूर्ण. उद्याच्या प्रवासासाठी शेवटचं तेल.
ग्रुपवर शकुने विचारलं, वैनी, ताट वाढू की डबा पाठवू? मी पाना पिशवीत टाकला.

१२ ऑक्टोबर, रविवार
विक्रोळीपर्यंत झकास. पुढे पुलाच्या चढावर चाक तिरकं. पाना काढला, आवळलं, दहा पावलांवर पुन्हा तिरकं. रस्ता वाईट. रस्त्यांची अशी अवस्था असेल तर चाक काय करणार?
एक भाजीचा टेम्पो थांबला. मी फक्त मधल्या टप्प्यापुरती बसले. शकुच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरायचं आणि पुढे सपाटीवर चालवत जायचं, असं ठरलं होतं. माझं ठरलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, काकू, ऊन बघा, एवढ्या उन्हात कुठे चालवता, आणि गाडी थेट शकुच्या गेटपर्यंत नेली. वर हॉर्न. सगळी मंडळी बाल्कनीत आली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, आधी सायकल उतरवू की तुम्हाला?
मिहिरने फोटो काढला. शकुने एका शब्दाने विचारलं नाही, नुसती सोलकढी पुढे केली. यालाच मी आगाऊपणा म्हणते.

१३ ऑक्टोबर
मी शब्दाची पक्की आहे. दशरथला बोलावलं आणि सायकल देऊन टाकते म्हणून सांगितलं. त्याला गहिवरून येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, नको बाई, माझ्याकडे मोटरसायकल आहे. पण सायकल हलवणार असाल तर ती जागा द्याल का? मोटरसायकल बाहेर उन्हात असते.
हर्षदभाई तिथेच स्कूटर पुसत होता. म्हणाला, चांगला विचार आहे हं, बेन.

२० ऑक्टोबर
जागा दिली. सायकल आमच्या गॅलरीत आहे, जयवंत तिच्यावर टॉवेल वाळत घालतो.
आज मुद्दाम पाहिलं. चाक आठवडाभरात तसूभरही सरकलेलं नाही. दुरुस्ती माझी बरोबरच होती.