धाब्यावरची माती

माय,

आज कॉलेजातून आलो आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिलो. आज वर्गात भूकंपाचा धडा होता. तो दरवर्षी असतो. मागच्या बाकांवरची पोरं पेंगत होती आणि पुढच्यांना एवढंच हवं होतं की यावर प्रश्न किती मार्कांचा येतो. मी इथे खामगावला घरं बांधायचं शास्त्र शिकवतो. तुला हे ठाऊक असायचं कारण नाही, तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होतो. त्यानंतर शिकलो, शिकवायला लागलो, आणि जमिनीला कुठे धक्का बसला की गावोगाव जाऊन लोकांना चार गोष्टी सांगायचं कामही आपसूक गळ्यात पडलं. सांगून सांगून घसा बसला, पण बहुतेक वेळा पालथ्या घड्यावर पाणी. तक्रार करत नाही, थकलो आहे एवढंच. आणि तुला तुझ्या धाब्याबद्दल सांगायचं आहे.

सुलतानपूरच्या अलीकडच्या आपल्या गावात तेव्हा सगळीच घरं धाब्याची होती. हातभर रुंदीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. वर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला आणि त्यावर माती, असं ते सपाट धाबं. उन्हं तापली, शेतातली कामं आटोपली की गावातल्या बायका पांढरीची माती आणायला निघायच्या. काळी माती पाणी पिते आणि फुगते, पांढरी पाणी वरच्या वर सोडून देते, हे गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. तू पदर खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून, टोपल्यामागून टोपलं शिडीने वर न्यायचीस. मला अजून दिसतंय. तू वर उभी आहेस, गुडघ्यापर्यंत पांढरी झाली आहेस, आणि खालून तुझा थोरला, दादा, माती ठोकायचा धुम्मस वर देतो आहे. माती पसरून, ठोकून झाली की तू प्रत्येक कोपऱ्यात घागरभर पाणी ओततेस, लगबगीने खाली येतेस आणि घरात मान वर करून उभी राहतेस. एक थेंब दिसला नाही की तुझ्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी पुढे कुठल्याच इंजिनिअरच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. शेजारच्या काकूंकडे पावसाळ्यात घरभर पातेली मांडलेली असायची. तू त्यांना भाकरी द्यायला जायचीस आणि सहज म्हटल्यासारखं म्हणायचीस, "आमचं काई गयत नाही बाई."

जुनी माती मात्र कुणीच काढत नव्हतं. काढायची कशाला? ती काही आंबत नाही की कुजत नाही. तिच्यावर नवी टाकायची. तुझ्याआधी तुझ्या सासूने टाकली, तिच्याआधी तिच्या सासूने. दरसाल बोटभर, ठोकल्यावर नखभर. डोळ्याला जाणवू नये इतकी हळू ती वाढत गेली. घराचं वय छतावर साठत होतं आणि खाली आपण जेवत होतो, भांडत होतो, बाळंतपणं करत होतो.

लातूरकडे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तू नव्हतीस. मी शिकत होतो. आमच्या सरांनी काही मुलांना तिकडे नेलं, ढिगारे पाहून टिपणं काढायला. मी काही टिपलं नाही. तिथे मला आपलंच गाव पडलेलं दिसलं, तेच दगड, तेच साग, तीच पांढरी माती. एक माणूस पडलेल्या भिंतीवर बसला होता. आमच्यातल्या कुणीतरी त्याला विचारलं, घर जुनं झालं होतं का. तो म्हणाला, "न्हाई हो, घर लई मजबूत हुतं. म्हनून तर समदे आत झोपले हुते." 

ते शास्त्र तुला सांगतो. अवघड काहीच नाही. भूकंपात जमीन वर उचलून आपटते असं लोकांना वाटतं. खरा घात करतो तो आडवा हिसका. आधी येते ती झपाट्याने धावणारी लाट, तिची नुसती गडगड ऐकू येते, भांडी वाजतात. तिच्यामागून येते ती दुसरी, जमिनीला या बाजूने त्या बाजूला हलवणारी. एसटी एकदम सुटली की उभा माणूस मागे जातो ना, पाय गाडीबरोबर पुढे आणि धड तिथेच, तसंच घराचं होतं. पाया जमिनीबरोबर सरकतो आणि छत म्हणतं, मी जागचं हलणार नाही. छत जितकं जड तितका त्याचा हट्ट मोठा आणि तितका भिंतीला हिसका मोठा. आपल्या भिंती बाहेरून एकसंध दिसतात, पण आत दोन पदर असतात, मधे नुसता चुरा. आरपार जाणारा दगड गवंडी क्वचितच घालतो. हिसका बसला की दोन पदर एकमेकांना सोडतात, भिंतीला पोट येतं, आणि वरची सगळी माती खाली येते. पाऊस येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जी जपली, तीच. मी वर्गात हे सांगतो तेव्हा गुणाकाराचं एक सूत्र फळ्यावर लिहितो. आज लिहिताना हात मधेच थांबला. पोरांना वाटलं खडू संपला.

आपल्याकडची जमीन खडकाळ, काळ्या पत्थराची, तिला काही होत नाही असं लहानपणापासून ऐकत आलो. ते निम्मंच खरं आहे. हिमालयासारखी इथली जमीन रोज कण्हत नाही. पण खाली जुन्या भेगा आहेत, त्यांच्यावर ताण साठतो, आणि कधीतरी सुटतो. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

मध्यंतरी एका सकाळी असाच एक धक्का बसला, फार मोठा नव्हता. केंद्र शेजारच्या जिल्ह्यात होतं. मी तिसऱ्या मजल्यावर दाढी करत होतो. आमच्या इमारतीखाली सगळी दुकानं, नुसते खांब आणि शटर, हिसका झेलायला भिंतच नाही, म्हणजे शहरातल्या शहाण्यांनी आपली वेगळी चूक करून ठेवली आहे. पण त्या क्षणी मला माझी इमारत आठवली नाही, धाबं आठवलं. दादाला फोन लावला. म्हणाला, "आम्हाले वाटलं कोनी हिरीत सुरुंग लावला. मंग मांडनीवरचे गिलास वाजाले लागले." गावात दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते शेष हलला, अर्धे म्हणत होते लोणारच्या तळ्यात खाली काहीतरी उकळतंय. मी फोनवर चिडलो. ते तळं वरून पडलेल्या दगडाने झालं आहे, खालून काही उकळत नाही, असं तावातावाने समजावत बसलो. दादा शांतपणे म्हणाला, "बरं. तू जेवला काय?"

रविवारी गावी गेलो. मागच्या भिंतीला पोट आलं होतं. दाराच्या कोपऱ्यातून वर तिरपी भेग गेली होती. दादाचा गुडघा आता अगदीच गेला आहे, उठायचं तर त्याला दोन माणसांचा हात लागतो, आणि त्याचा पलंग नेमका त्या भिंतीला टेकलेला. नातू एरवी त्याच्याजवळच झोपतो. ते पाहिलं आणि मला भीती वाटली, माय. गावातल्या निम्म्या लोकांनी एव्हाना धाबी काढून स्लॅब टाकले आहेत. आपलं तेवढं राहिलं, कारण ते गळत नाही.

मी म्हणालो, वरची माती काढू. थोडा थर ठेवू, त्यावर पत्रा घालू, भिंतीत आरपार दगड बसवू, कोपरे बांधून घेऊ. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या पुस्तकात लिवेल हाये काय, कवा येईन ते?"

"नाही."

"मंग येईनच म्हनून लिवेल हाये?"

"तसंही नाही."

"मंग काऊन मांगं लागून राह्यला बे? हे मायच्या हातचं धाबं हाये. जाता जाता ती म्हने, धाब्याले इसरू नका. आजलोक थेंब नाही पडला. तू शिकेल-सवरेल मानूस, अन् मायची माती फेकाले सांगतं?"

 माझ्याकडे आकडे होते, पण मायची माती म्हटल्यावर आकडे काय करणार. मी तुळयांकडे पाहू लागलो. तेवढ्यात वहिनी चुलीपुढून उठल्या. तुझ्या हाताखाली जेमतेम दोन उन्हाळे काढलेली तुझी सून. त्यांचे केस पार पांढरे झालेत. त्यांनी पिठाचा हात तसाच कमरेवर ठेवला.

"मायची माती, मायची माती," त्या म्हणाल्या. "सासूबाईनं मले दोन साल दाखवलं. मंग तवापासून टोपले कोनं वाह्यले? तुम्ही वाह्यले? इतकी सालं म्याच वाह्यले ना? बाळ पोटात होता तवाबी वाह्यले. वरती मायची कमी अन् माही जास्त हाये. मले कोनी इचारलं?" दादा खाली बघायला लागला. "त्या दिसापासून रोज सकाळी कनकेत माती पडते. मी लेकराले आंगनात निजवून राह्यली. मी म्हनतो काढा."

 दादा म्हणाला, "हाव. काढा मंग." इतकं शास्त्र पाजळून माझ्याच्याने जे झालं नाही, ते वहिनींनी चार वाक्यांत करून टाकलं. मला हसू आलं आणि लाजही वाटली, की तीस वर्षं भाषणं देताना छतावरची माती नेमकी कुणाच्या डोक्यावरून वर गेली हे मी एकदाही बोललो नव्हतो.

मजूर आले. मी त्यांना बजावलं की एका बाजूची सगळी काढून दुसरीकडे ढीग करायचा नाही, दोन्ही अंगांनी बरोबरीने उतरवायची, नाहीतर भिंत बाहेर जाईल. खोदत गेलो तसे थर दिसायला लागले. वरचे करडे, मधले पिवळट, खाली घट्ट पांढरे. कुठला वहिनींचा आणि कुठला तुझा ते सांगता येण्यासारखं नव्हतं. ट्रॉल्या भरत गेल्या तरी तळ लागेना. तळाशी गेलो तेव्हा माती माझ्या मांडीपर्यंत होती. एवढं ओझं घेऊन त्या भिंती उभ्या होत्या याचं मला आश्चर्य वाटलं आणि एवढं ओझं आपल्या माणसांवर होतं याचा संताप आला. संताप कुणावर करायचा, ते मात्र कळेना. तुझ्यावर करवेना. तुला पाऊस दिसत होता, दरसाल येणारा. जे शंभर वर्षांत एखाद्या वेळी येतं ते कुणी डोळ्यापुढे ठेवून जगत नाही.

आता घरावर पत्रा आहे. उन्हाळ्यात घर तापतं. दादा फोनवर म्हणतो, "तुह्या सायन्सनं आमाले भट्टीत घातलं." मी म्हणतो, वर कडब्याच्या पेंढ्या टाक. पावसाचा आवाज इतका होतो म्हणे की टीव्ही ऐकू येत नाही.  उन्हं तापली की वहिनींना सवयीने टोपलं शोधावंसं वाटतं, असं एकदा त्यांनीच सांगितलं. भूकंप येईल की नाही ठाऊक नाही. आला नाही तर दादा मरेपर्यंत मला पत्र्याचे टोमणे मारेल. मारू दे. मला तेच हवं आहे.

हे सगळं कागदावर कशाला लिहितो आहे, तेही नीट सांगता येत नाही. तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची तेव्हा मीच तुला वाचून दाखवायचो, आणि तू मधेच थांबवून म्हणायचीस, पुन्यांदा वाच. या कागदाला ना पाकीट ना पत्ता. उद्या तो उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात जाईल आणि कधीतरी रद्दीत.

पण एक गोष्ट आहे, जी दादाला सांगितली नाही, वहिनींनाही नाही आणि बायकोलाही नाही. मजूर यायच्या आदल्या दिवशी मी टेकू लावायला गेलो होतो. सगळ्यांना मी घराबाहेर काढलं, आत कुणी पाऊल टाकायचं नाही म्हणून दरडावलं. दुपारची वेळ होती. तुळया खालून नीट दिसाव्यात म्हणून मी मधल्या खोलीत भुईवर उताणा पडलो. बाहेर पन्नास अंश असल्यासारखं ऊन होतं आणि आत गारवा. डोक्यावर केवढं वजन आहे याचा हिशेब मला इतर कुणाहीपेक्षा चांगला येत होता, भिंत फुगलेली समोर दिसत होती. वहिनींनी दार वाजवलं तेव्हा उन्हं कलली होती. "भाऊजी, अंदर काय करून राह्यले इतक्या वेळचे?"

मी म्हणालो, तुळया तपासत होतो.

माय, मी झोपलो होतो. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली होती.