जरा कळ

३ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्यांचं वाचून काळजी वाटली. इकडे बाबांची छाती पुन्हा भरली आहे. गिरणीतल्या कापसाची धूळ आत बसली ती बसली, आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बाबा म्हणतात, आपली इतिहासजमा व्हायची वेळ आली. तुझ्या काकाला म्हणावं, निदान तळटीप तरी दे.

सत्कार समारंभानंतर निघणाऱ्या गौरवग्रंथात तुमच्या कारकिर्दीवरचा लेख मी लिहावा असं ठरलं आहे. आजारपणामुळे मला शाळा नव्हती, तेव्हा जेवणाच्या टेबलाशी बसवून तुम्ही मला भाव आणि मजुरी शिकवलीत, तेही त्यात घातलं. एकाच जागी पेन अडलंय. हातमाग बुडाले त्या काळावरच्या तुमच्या पहिल्या पुस्तकातलं वाक्य: ‘एका पिढीने जरा कळ काढली, की पुढच्या पिढ्यांना ती आठवतही नाही.’ विद्यार्थ्यांना ते तोंडपाठ असतं. गिरण्या बंद करणाऱ्या समितीने ते अहवालाच्या पहिल्याच पानावर छापलं. बाबांची गिरणी त्याच अहवालात गेली. पण वाक्याखाली आधार दिलेला नाही. आधाराशिवाय विधान करू नये हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. माझ्याच नजरेतून सुटला असेल. कळवाल का?

आणि जमलं तर येऊन जा. बाबा बोलून दाखवत नाहीत, पण दाराकडे बघतात.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
पुतणी


११ जून

चि. शंकेखोर पुतणीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी पाढा लिहिण्याआधी तू पाटी पुसायचीस, वाळवायचीस आणि पुन्हा पुसायचीस. अजून तशीच आहेस. तुझ्या नजरेतून काही सुटलेलं नाही. आधार नाहीच. ते आमच्या आईचं वाक्य. पायातला काटा काढताना म्हणायची, जरा कळ काढ, मग आठवणारही नाही. पुस्तकाचा शेवट जमत नव्हता तेव्हा ते अचानक सुचलं. लोक एवढं डोक्यावर घेतील हे मला काय ठाऊक! त्यावर प्रबंध झाले, भांडणं झाली. आधार मागणारी तू पहिलीच. लेखात तुला पटेल ते लिही.

समारंभ पंचवीस तारखेला आहे. बाहेरून पाहुणे येतायत, त्याआधी मला हलता येत नाही. दादाला सांग, जरा कळ काढ, आटोपलं की आलोच.

तुझ्या शंकांना कंटाळूनही न विटलेला,
काका


१९ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला ते इतके हसले की खोकून खोकून निळे पडले. दम परत आल्यावर त्यांनी मला मोजा काढायला सांगितला. डाव्या टाचेवर अजून खूण आहे. म्हणाले, काटा माझ्या पायात होता, तो शेजारी बसून बघत होता. त्याला आठवत नाही ते बरोबरच आहे. पण कळ काढ म्हणणाऱ्या आईच्या मांडीवर माझा पाय होता. समितीने कुणाचा पाय मांडीवर घेतला होता, एवढं त्याला विचार.

काका, मी रागाने लिहीत नाही. तीनदा फाडून हे चौथं लिहिते आहे. त्या वाक्याखाली मी तळटीप घातली आहे: ‘आधार: लेखकाची आई, थोरल्या मुलाच्या पायातला काटा काढताना. मुलाचा पाय आईच्या मांडीवर होता.’ नको असेल तर खोडा, मी वाईट वाटून घेणार नाही.

डॉक्टर आता महिने नाही, दिवस मोजतात. समारंभासाठी थांबू नका. हे वाचताच निघा.

वाट पाहणारी,
पुतणी


२६ जून

चि. पुतणीस,
आशीर्वाद.

काल समारंभाहून परतलो तर दारात तार. दादा दुपारी गेला म्हणतेस. त्याच सुमारास व्यासपीठावर अध्यक्ष ते वाक्य म्हणत होते. टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या. तुझं पत्र काल सकाळीच आलं होतं. शंका असतील, सावकाश वाचू म्हणून खिशात टाकलं होतं, न फोडता.

तळटीप राहू दे. तिच्यात एवढं घाल: ‘धाकटा शेजारी बसून बघत होता.’

उद्याच्या गाडीने निघतो आहे. वहिनीला माझ्याकडून सांग, म्हणून पेन टेकवलं, तर पुन्हा तेच दोन शब्द हाताशी आले. काही सांगू नकोस.

लोभ असू दे असं शेवटी लिहायची रीत आहे. या खेपेला मागत नाही.

काका